आधी नोंद, मग डागडुजी : जुन्या आर्केड यंत्रांवरील चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

नाणे टाकून खेळायची व्हिडिओ-खेळांची आर्केड यंत्रे १९७० च्या दशकात अमेरिकेतील बार, पिझ्झाची दुकाने आणि मॉल यांमध्ये उभी राहू लागली, तेव्हा त्यांच्या पडद्यावरचे चित्र इतके साधे असे की, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवण्याचे काम यंत्राच्या अंगावरील रंगीत चित्रांनाच करावे लागे. माथ्यावरची आतून उजळणारी पाटी, जिला मार्की म्हणतात, पडद्याभोवतीची छापील काच किंवा पुठ्ठा, म्हणजे बेझल, बटणांखालचे आवरण, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवरील मोठी चित्रे, असा हा सगळा ऐवज असे. तो बहुधा सिल्कस्क्रीनने, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी वापरून, छापलेला असे. अटारी कंपनीचे बोधचिन्ह घडवणारे जॉर्ज ओपरमन यांच्यासारखी मोजकी नावे आज माहीत आहेत, बाकी बरेचसे काम निनावीच राहिले. या चित्रांची डिजिटल प्रत कशी घ्यावी, याविषयी देशातून आणि परदेशातून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (सनीव्हेल, कॅलिफोर्निया) : आम्ही राहतो त्याच गावात एके काळी अटारीचे मुख्य कार्यालय होते, हे कळल्यापासून आमच्या यजमानांना जुन्या यंत्रांचे वेड लागले आहे. त्यांनी १९८० च्या सुमाराचे एक यंत्र विकत घेतले. त्याच्या पडद्यापुढच्या काचेवरील रंग मागच्या बाजूने पापुद्रे धरून सुटू लागला आहे. मागून पारदर्शक स्प्रे मारला की रंग पक्का बसतो, असे एका परिचितांनी सांगितले. तो मारावा का? आणि घरच्या ए-४ स्कॅनरवर या काचेची प्रत घेता येईल का?

उत्तर : स्प्रेचा डबा तूर्त कपाटातच राहू द्यावा. अशा काचेवर चित्र मागच्या बाजूने उलटे छापलेले असते, म्हणजे पुढून पाहताना ते सुलटे दिसते, आणि त्यामुळे थरांचा क्रमही उलटा असतो : पुढून सर्वांत वर दिसणाऱ्या रेषा आधी छापल्या जातात, त्यांच्यावर एकेक रंग चढतो, आणि प्रकाश अडवणारा थर शेवटी येतो. आपल्याला मागून जो थर दिसतो, तो काचेला नव्हे, तर आधीच्या थरांना धरून असतो. आतल्या दिव्यांनी काच रोज तापते व रात्री निवते. काच आणि शाई यांचे प्रसरण सारखे नसल्यामुळे वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत शाईची पकड सुटते. स्प्रेमुळे सुटे पापुद्रे जागेवर थांबतात, हे खरे आहे. परंतु काही शाया त्यातील द्रावकाने मऊ पडतात किंवा सुरकुततात, आणि एकदा बसलेला थर शाईला धक्का न लावता काढता येत नाही. जे परत फिरवता येत नाही ते शेवटी करावे, हा या कामातला पहिला नियम समजावा.

पहिली छायाचित्रे काच यंत्रात बसलेली असतानाच घ्यावीत, कारण ती काढताना काही ना काही गळणारच. खाली पांढरा कागद पसरावा. पडलेला प्रत्येक पापुद्रा कागदी पाकिटात ठेवून तो कोणत्या जागेवरून पडला, हे पाकिटावर लिहावे. धूळ पुसण्याचा मोह आवरावा. पुढची, म्हणजे न छापलेली बाजू किंचित ओलसर मऊ कापडाने पुसण्यास हरकत नाही, पण मागच्या बाजूला ब्रशही लावू नये.

स्कॅनरवर काच ठेवताना न छापलेली बाजू खाली आणि रंगाची बाजू वर राहील, असे पाहावे. सुटे पापुद्रे मग आपल्याच वजनाने जागेवर राहतात आणि स्कॅनरला चित्र सुलटे दिसते. झाकण उघडे ठेवण्यापेक्षा शक्य असल्यास काढूनच टाकावे, म्हणजे चुकूनही त्याचा दाब पडणार नाही. वरून पांढरा पुठ्ठा रंगाला न टेकता दोन ठोकळ्यांवर धरावा. जिथे शाई विरळ आहे किंवा गळली आहे, तिथून मागचे जे काही असेल ते दिसते, आणि ते दर वेळी सारखे असणे आवश्यक असते.

आता आपल्या स्कॅनरविषयी. यूएसबीच्या तारेवरच चालणारे पातळ, हलके स्कॅनर बहुतेक सीआयएस पद्धतीचे असतात आणि त्यांना आपल्या काचेला अगदी चिकटलेली वस्तूच स्पष्ट दिसते. बेझलची काच तीन ते सहा मिलिमीटर जाड असली, तर चित्र तेवढे वर राहते आणि प्रत धूसर येते. जुन्या, जाडजूड सीसीडी स्कॅनरला मात्र काही मिलिमीटर वरचेही नीट दिसते. म्हणून अशा कामासाठी जुन्या बाजारातला चांगला सीसीडी स्कॅनर नव्या चकचकीत यंत्रापेक्षा उपयोगी पडतो. दुसरी अडचण काठाची. पुष्कळ स्कॅनरांची काच भोवतीच्या चौकटीपेक्षा थोडी खाली असते. त्यामुळे चौकटीपेक्षा मोठी वस्तू तिच्यावर सपाट बसत नाही आणि स्कॅनरची काच आणि ती वस्तू यांच्यामधले अंतर वाढते. अशा वेळी, आणि काच जड असेल तेव्हाही, स्कॅनरचा नाद सोडून कॅमेरा वापरावा, असा माझा सल्ला आहे.

कॅमेऱ्याने काम करताना काच टेबलावर रंगाची बाजू खालून कुठेही टेकणार नाही अशी, कडांच्या आधारावर आडवी ठेवावी. आधाराच्या पट्ट्या फक्त न छापलेल्या काठाखाली याव्यात. असा काठ नसेल किंवा पापुद्रे लोंबत असतील, तर काच उलटी, म्हणजे रंग वर करून ठेवावी, जाड पारदर्शक टेबलाखालून छायाचित्र घेण्याचा खटाटोप करू नये, आणि प्रशिक्षित संवर्धकाला बोलवावे. कॅमेरा चित्राला समांतर आहे की नाही, हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे : चित्राच्या मध्यावर, काचेवर, छोटा सपाट आरसा ठेवावा आणि कॅमेऱ्यातून पाहावे. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आले की कॅमेरा सरळ झाला. दोन दिवे दोन बाजूंनी साधारण ४५ अंशांतून सोडावेत. दिव्यांपुढे ध्रुवणकारी (पोलरायझिंग) फिल्म आणि भिंगावर ध्रुवणकारी फिल्टर लावून तो फिरवला, म्हणजे काचेवरची चकाकी जवळजवळ पूर्ण नाहीशी होते. कॅमेऱ्याचे स्वतःचे प्रतिबिंब टाळण्यासाठी त्याला काळे कापड गुंडाळून भिंगापुरते भोक ठेवावे. वाइड भिंग वापरू नये, कारण त्याने सरळ रेषा वाकतात.

किती बारकावा हवा, याचा हिशेब करता येतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चित्र ६००० पिक्सेल रुंद येते. २४ इंच रुंदीची मार्की एका फोटोत बसवली, तर इंचाला २५० पिक्सेल मिळतात. पाहण्यापुरते ते पुरे असले, तरी छपाईच्या रेषांच्या कडा आणि ठिपके नीट नोंदवायचे, तर इंचाला ६०० पिक्सेल हवेत, म्हणजे एका फोटोत दहाच इंच रुंदी घ्यावी लागेल. म्हणून तुकड्यातुकड्यांनी फोटो घ्यावेत, शेजारच्या दोन तुकड्यांत सुमारे एक तृतीयांश भाग सामाईक ठेवावा आणि मग हगिनसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते जोडावेत. प्रत्येक मांडणीत एकदा रंगपट्टी (ठरावीक प्रमाण रंगांचे चौकोन असलेली पट्टी) आणि मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा. एकदा त्याच जागी कोरा पांढरा कागद ठेवूनही घ्यावा, म्हणजे प्रकाश कुठे कमी-जास्त पडला हे कळते आणि पुढे दुरुस्त करता येते. फाइल टिफ स्वरूपात, प्रत्येक रंगाला १६ बिट ठेवून जतन करावी. २४ गुणिले ८ इंचांची मार्की अशा प्रकारे सुमारे ४१५ एमबी होते. हार्ड डिस्कच्या आजच्या किमती पाहता यात काटकसर करून तपशील गाळणारे जेपेग ठेवण्याचे कारण उरत नाही.

आपली काच किंवा मार्की मागून उजळणारी असेल, तर आणखी एक नोंद लागेल. कॅमेरा आणि वस्तू जागची न हलवता पुढचे दिवे बंद करावेत, मागे एलईडीचा सपाट फलक लावावा आणि तेच फोटो पुन्हा घ्यावेत. फलकाचा प्रकाश लुकलुकत असेल, तर जलद शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात. शटर सावकाश ठेवले की ते जातात. हे दोन संच एकमेकांवर तंतोतंत बसतात आणि ‘दिवसा कशी दिसे’ व ‘चालू असताना कशी दिसे’ या दोन्ही गोष्टी हाती राहतात. इतके झाल्यावर स्प्रेचा विचार करावा, आणि तोही गळून पडलेल्या तुकड्यांवर आधी करून पाहूनच.

प्रश्न (पुणे) : जुन्या आर्केड खेळांचे प्रोग्रॅम, त्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या मेम या सॉफ्टवेअरमुळे, सुरक्षित आहेत आणि ते आपण घरच्या संगणकावर खेळू शकतो. मग लाकडी पेटीवरच्या चित्रांसाठी इतका खटाटोप कशाला?

उत्तर : निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने १९९७ साली सुरू केलेल्या मेमने हजारो खेळ वाचवले, यात शंका नाही. परंतु चिपमध्ये जे होते तेच त्यात आले, आणि सुरुवातीच्या काळातील खेळांचा काही भाग चिपमध्ये नव्हताच.

१९७८ चा तैतो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. सुरुवातीच्या यंत्रांचा पडदा काळा-पांढरा होता. खालचा हिरवा आणि वरचा नारिंगी-लाल रंग दिसे, तो पडद्यावर चिकटवलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. अमेरिकेत मिडवे कंपनीने बनवलेल्या उभ्या यंत्रात तर पडद्यावरचे चित्र अर्धपारदर्शक आरशावरून खेळाडूला दिसे, आणि त्याच्या मागे चंद्रभूमीचे छापील चित्र असे. परग्रहावरचे शत्रू चंद्रावर उतरत आहेत, हा भास या दोहोंच्या मिलाफातून निर्माण होई. त्याच यंत्राच्या बाजूंवर केसाळ, माणसासारखे राक्षस रंगवलेले आहेत. खेळात तसे कोणीच नाही, पण पैसे टाकण्याआधी गिऱ्हाईक पाही ते त्यांनाच.

याहून बोलके उदाहरण १९७९ च्या ‘वॉरियर’चे आहे. टिम स्केली यांनी रचलेल्या या खेळात यंत्राचा काळा-पांढरा व्हेक्टर (नुसत्या रेषांनी चित्र काढणारा) पडदा तलवारी परजणारे दोन योद्धेच काढतो. ते जिथे लढतात ती जमीन, तेथील जिने आणि ज्यात पडून योद्धा मरतो ते खड्डे हे सर्व छापील चित्रात आहे, आणि आरशाच्या साहाय्याने ते त्या आकृत्यांशी जुळवलेले आहे. खड्डा कुठे आहे हे प्रोग्रॅमला ठाऊक असते, पण पडद्यावर प्रोग्रॅम तो खड्डा काढून दाखवत नाही. चित्र नसेल, तर दोन आकृत्या अंधारात वावरतात आणि त्यातली एक अकारण नाहीशी होते. पुढच्याच वर्षी स्केली यांच्याच ‘स्टार कॅसल’मध्ये मधल्या किल्ल्याभोवतीच्या कड्यांचे रंग पडद्यावरच्या रंगीत फिल्ममुळे दिसत, आणि त्याच १९८० साली आलेल्या अटारीच्या ‘बॅटलझोन’मध्ये रणभूमी हिरवी व वरची पट्टी लाल दिसे ती याच उपायाने.

अशा चित्रांची प्रत घेताना म्हणूनच नुसती सुंदर प्रत पुरत नाही, ती मापात असावी लागते. ‘वॉरियर’च्या पार्श्वचित्राची प्रत एखाद्या टक्क्याने जरी ताणली गेली, तरी योद्धा खड्ड्याच्या काठावर सुखरूप उभा दिसेल आणि तरीही मरेल. मेममध्ये आज अशा छापील थरांची चित्रे प्रोग्रॅमवर बसवण्याची सोय आहे. मूळ वस्तूवरून मोजून घेतलेली प्रत मिळाली, तरच त्या सोयीला अर्थ राहतो.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : माझ्याकडच्या यंत्राची दोन्ही अंगे काळ्या रंगाने सरसकट रंगवलेली आहेत. खाली मूळ चित्र असावे, असा संशय आहे. ते उघड करताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : संशय रास्त आहे. एखाद्या खेळाची कमाई घटली की यंत्राचा मालक पेटी टाकून देत नसे. तो आतला बोर्ड आणि माथ्यावरची मार्की बदलून, अंगावर काळा रंग फासून त्याच पेटीत नवा खेळ लावी. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हा प्रकार सर्रास झाला, कारण जोडणीचे एक सामाईक प्रमाण रूढ झाल्यावर बोर्ड बदलणे सोपे झाले. अशा काळ्या पेट्यांखाली मूळ चित्रे पुष्कळदा शाबूत सापडतात, कारण रंगाने त्यांना उन्हापासून वाचवलेले असते.

पहिले काम खोली अंधारी करून करावे. एकच दिवा फळीच्या कडेला, जवळजवळ फळीला समांतर धरावा. साच्यातून मारलेल्या रंगाच्या कडा असोत की विनाइलच्या स्टिकरचा काठ, वरच्या रंगातूनही त्यांचे उंचवटे सावली टाकतात आणि खाली काय आहे याचा आराखडा दिसू लागतो. दिवा चारही दिशांनी धरून तेवढे फोटो घ्यावेत. काहीही खरवडण्याआधी हीच मूळ स्थितीची नोंद होय.

खाली काय आहे, यावर पुढची पद्धत ठरते. मिडवेच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’सारख्या यंत्रांवर चित्र साच्याने थेट फळीवर मारलेले आहे, तर अटारीच्या १९८१ च्या ‘सेंटिपीड’सारख्या यंत्रांवर अख्खी बाजू झाकणारे छापील विनाइल आहे. जे द्रावण वरचा रंग उतरवते, ते विनाइलवरची शाईही उतरवू शकते. मागच्या बाजूला अगदी खालचा, कोणाच्या नजरेस न पडणारा कोपरा निवडून तिथे चाचणी घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे, कारण काही शाया उशिरा मऊ पडतात. कोरडा सॅंडपेपर घासू नये. जुन्या रंगाची धूळ श्वासावाटे आत जाणे घातक असते, आणि चित्र नेमके कुठे सुरू झाले हे धुळीत कळतही नाही.

उघड झालेल्या प्रत्येक हातभर भागाचा त्याच दिवशी फोटो घ्यावा. द्रावणाने उघडलेली शाई काही काळ नाजूक असते, आणि उद्याच्या पुसण्यात ती जाणारच नाही, असे सांगता येत नाही. फोटो घेण्यासाठी यंत्र आडवे करू नये. एक बाजू वर आली की दुसरी जमिनीवर घासते, आणि आतल्या पिक्चर ट्यूबचे वजन एकट्यादुकट्याच्या आटोक्यात राहत नाही. यंत्र उभेच ठेवावे आणि कॅमेरा तिपाईच्या खांबावर टप्प्याटप्प्याने वर न्यावा. ६० गुणिले २४ इंचांची बाजू इंचाला ४०० पिक्सेलने १६ बिटमध्ये सुमारे १.४ जीबी होते, आणि मोठ्या चित्रांना एवढे पुरते. इंचाला ६०० घ्यायचे ठरवल्यास ती ३ जीबीच्या वर जाते, आणि साध्या टिफ फाइलची मर्यादा ४ जीबी असल्यामुळे थर वाढवताच ती ओलांडली जाते. तेव्हा सुरुवातीपासूनच बिगटिफ, म्हणजे त्याहून मोठ्या फाइलींसाठीचे टिफ, वापरणे सोयीचे.

प्रश्न (कोल्हापूर) : मी ग्राफिक डिझायनर आहे. अमेरिकेतील एक संग्राहक जुन्या मार्कींचे स्कॅन पाठवतात आणि मी त्यावरून व्हेक्टर चित्रे (पिक्सेलऐवजी रेषा आणि आकार यांनी बनलेली, हवी तेवढी मोठी करता येणारी) तयार करून देतो. रंग फिके झालेले असतात आणि छपाई थोडी सरकलेली असते. हे सारे सुधारून द्यावे का? एआयने स्कॅन स्वच्छ करून घेतल्यास चालेल का?

उत्तर : आपण करता ते काम मोलाचे आहे, पण ते मूळ चित्राची नोंद नसून त्याचे एक वाचन आहे, आणि हा फरक फाइलच्या नावातच दिसला पाहिजे. संग्राहकांनी पाठवलेला स्कॅन जसा आला तसाच वेगळा ठेवावा, त्यावर एकही क्लिक करू नये. आपली दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी.

स्वयंचलित ट्रेसिंगचा या कामात उपयोग नाही. जिथे चित्रकाराने ठिपक्यांच्या जाळीने छटा साधली आहे, तिथे ते सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याला वेडावाकडा डाग बनवते, आणि जिथे हाताने ओढलेली रेषा टोकाला निमुळती होत जाते, तिथे तिला बोथट करते. पेन टूलने, सावकाश, हातानेच काढावे. प्रत्येक शाईला एक स्वतंत्र थर द्यावा, कारण मूळ छपाईही तशीच झाली होती. असे केले, तर सरकलेल्या छपाईचा प्रश्न आपोआप सुटतो : सगळे थर मूळ सरकलेल्या जागी ठेवलेली एक फाइल आणि ते जुळवून घेतलेली दुसरी, अशा दोन्ही देता येतात. माझे मत विचाराल, तर मी पहिली अधिक जपेन. पिवळ्या रंगाबाहेर डोकावणारी लाल कड पाहिली की जाळी किती सरकली आणि कोणता रंग आधी चढला हे कळते, आणि हे सांगणारी दुसरी कागदपत्रे बहुतेक यंत्रांच्या बाबतीत शिल्लक नाहीत.

रंगांविषयी स्कॅनवर विसंबू नये. मार्कीमागे वर्षानुवर्षे ट्यूबलाइट जळत असे आणि तिच्या अतिनील किरणांनी बहुधा लाल व पिवळ्या शाया आधी फिकटतात. म्हणून निळा उरतो आणि सगळे चित्र गारठल्यासारखे दिसू लागते. मूळ रंग कुठे उरला असेल, तर तो मार्कीला धरून ठेवणाऱ्या वरच्या-खालच्या पट्ट्यांआड, जिथे प्रकाश पोहोचलाच नाही. आपल्या संग्राहकांना त्या अर्ध्या इंचाचा फोटो रंगपट्टीसह वेगळा घेण्यास सांगावे. बाजूच्या चित्रांत हाच रंग कडेच्या प्लास्टिक पट्टीखाली आणि बटणांच्या फलकाच्या आड सापडतो. अशा झाकून राहिलेल्या भागातले रंग प्रमाण मानून आपण थरांना रंग द्यावा, आणि तो कुठून घेतला हे फाइलमध्ये लिहावे.

चमकत्या, फ्लुओरोसंट शायांच्या बाबतीत मात्र कोणताही स्कॅनर खोटे बोलतो. त्या शाया अदृश्य प्रकाश शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात, आणि स्कॅनरच्या दिव्याखाली त्यांचा भगवा मळकट नारिंगी होतो. चार रंगांच्या नेहमीच्या छपाईत तो रंग येऊच शकत नाही, त्यासाठी तशीच शाई वेगळ्या जाळीने छापावी लागते. म्हणून ‘ही शाई चमकती आहे’ एवढी शब्दांतली नोंदच इथे चित्रापेक्षा भरवशाची ठरते.

एआयविषयी थोडक्यात : ते हरवलेला तपशील शोधून देत नाही, रचून देते. ठिपक्यांच्या जागी त्याला कापडाचा पोत दिसतो, आणि ओरखड्याखालच्या अक्षराला ते दुसऱ्याच अक्षराचे वळण देते. गिऱ्हाइकाला भिंतीवर लावायला छापील चित्र हवे असेल आणि त्याला हे सांगितलेले असेल, तर हरकत नाही. जतनाच्या फाइलींत मात्र ते मिसळू नये, कारण काही वर्षांनी मूळ कोणते आणि रचलेले कोणते, हे आपल्यालाही ओळखता येणार नाही.

प्रश्न (गिरगाव, मुंबई) : चोरबाजारात पिनबॉल यंत्राची मागची, चित्र छापलेली काच मिळाली. यंत्र नाही, फक्त काच. काही भाग आरशासारखा चकाकतो. पावसाळ्यात ती घरात कशी ठेवावी? आणि आरशाच्या भागाचा स्कॅन काळा येतो, तो का?

उत्तर : पिनबॉलच्या प्रमुख कंपन्या, म्हणजे बॅली, गॉटलिब आणि विल्यम्स, शिकागोच्या, आणि त्यांच्या काचांवर आरशाचा मुलामा दिलेले भाग पुष्कळदा आढळतात. स्कॅनरचा प्रकाश तिरका पडतो. आरसा तो तिरकाच परतवतो, त्यामुळे भिंगाकडे काहीच येत नाही आणि तो भाग काळा दिसतो. आपला स्कॅनर बिघडलेला नाही. त्या भागासाठी कॅमेऱ्याने वेगळा फोटो घ्यावा आणि समोर मोठा पांढरा कागद धरून आरशात तोच दिसेल, असे करावे. ध्रुवणकारी फिल्टर या वेळी काढून ठेवावा.

काच उभी, खालच्या कडेवर, फोमच्या दोन पट्ट्यांवर ठेवावी. रंगाच्या बाजूला बबलरॅप, वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक टेकू देऊ नये, कारण दमट हवेत ते शाईला चिकटते आणि सोडवताना शाई घेऊनच निघते. भोवती उथळ पेटी करून रंगापुढे हवेची मोकळी जागा सोडावी, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात. बाहेरच्या भिंतीला लागून किंवा एसीच्या झोतात ती ठेवू नये. स्कॅन करायचे असल्यास ते पाऊस सुरू होण्याआधी उरकावे.

प्रश्न (ठाणे) : माझ्याकडे बऱ्याच जुन्या मार्कींचे चांगले स्कॅन जमले आहेत. ते छापून विकले तर कायद्याची अडचण येईल का? विकायचे नसल्यास ते कोणाला द्यावेत?

उत्तर : अडचण येईल. यंत्र आपल्या मालकीचे असले, तरी त्यावरच्या चित्राचा हक्क आपल्याकडे येत नाही. अमेरिकेत कंपनीसाठी केलेल्या कामाचा कॉपीराइट प्रकाशनापासून ९५ वर्षे चालतो. म्हणजे १९८० साली तेथे रीतसर प्रसिद्ध झालेले चित्र २०७५ च्या अखेरीपर्यंत संरक्षित राहते. भारतही कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सहभागी असल्यामुळे परदेशी कलाकृतींना आपल्याकडे संरक्षण आहे. जुन्या कंपन्या बुडाल्या, तरी त्यांचे हक्क कोणी ना कोणी विकत घेतलेले असतात, त्यामुळे ‘आता मालकच उरला नाही’ हा युक्तिवाद सहसा टिकत नाही.

जतनासाठी देण्याचा मार्ग मोकळा आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे द स्ट्राँग या खेळांच्या राष्ट्रीय संग्रहालयात इलेक्ट्रॉनिक खेळांच्या इतिहासाचे स्वतंत्र केंद्र आहे, आणि टेक्सासमधील फ्रिस्को येथे राष्ट्रीय व्हिडिओगेम संग्रहालय आहे. अशा संस्थांना फाइली परस्पर न पाठवता आधी यादी पाठवावी. यादीत प्रत्येक स्कॅनसाठी खेळाचे नाव, कंपनी, वस्तूची मोजलेली लांबी-रुंदी, यंत्रावरचा अनुक्रमांक दिसत असल्यास तो, स्कॅनर किंवा कॅमेऱ्याचे मॉडेल, इंचाला किती पिक्सेल, तारीख, आणि प्रतीवर काही दुरुस्ती केली असल्यास ती कोणती, एवढे असावे. अशी माहिती नसलेला सुंदर स्कॅन अभ्यासकाच्या फारसा कामाचा नसतो. मूळ फाइलींच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक घराबाहेर असावी, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला ओळख-आकडा) काढून ठेवावा, म्हणजे काही वर्षांनी फाइल शाबूत आहे की नाही, हे ती न उघडताही तपासता येते. विक्रीसाठी मात्र हक्कधारकाची लेखी परवानगी लागेल. खेळांची नावे आणि बोधचिन्हे ट्रेडमार्क असल्यास त्यांचा प्रश्न कॉपीराइटची मुदत संपल्यावरही वेगळा राहतो, हे छपाईचा खर्च करण्याआधी लक्षात घ्यावे.